पुढून उघडणारं मशीन

निवृत्त ग्रंथपालांनी महिनाभर वाचून, दोनदा मत बदलून अखेर ठरवलं होतं, की वॉशिंग मशीन घ्यायचं ते पुढून दार उघडणारंच. पाणी कमी लागतं, कपडेही कमी झिजतात. वरून झाकण उघडणाऱ्या मशीनच्या बाजूने त्यांना सापडलं ते एवढंच, की ते जरा स्वस्त पडतं.

दुकानातली मुलगी त्यांच्या बायकोला म्हणाली, "कपडे तुम्हीच टाकणार ना काकू? मग एकदा वाकून आत हात घालून बघा."

बायको जागची हलली नाही. "वाकता येत नाही गं मला. वर्ष होत आलं."

ग्रंथपालांना वाटलं, थट्टा चालली आहे. "मग घरी कपडे कशी धुतेस?"

"स्टुलावर बसून. बादली पायाने सरकवते. खाली पडलेलं चिमट्याने उचलते. परवा तुमचा चष्मा नाही का दिला?"

चष्मा चिमट्यात धरून आला होता खरा. ते तेव्हा हसलेही होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही 'हं' म्हणालात. मशीनचं वाचत होतात."

"वरून उघडणारं दाखवा," ग्रंथपाल मुलीला म्हणाले.

मुलीने झाकण उचललं. बायकोने उभ्याउभ्याच आत हात घातला आणि तळ चाचपून पाहिला.

"पोचतो हो हात," ती म्हणाली.