अनगोळात पडलेली गार

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात अनगोळच्या भावकूच्या गोठ्यात भर दुपारी आभाळातून दगड पडला. दोन बैलांच्या मधे जागा होती, तिथेच बसला. कौलं फुटली, बैलांना ओरखडाही नाही. एवढा समजूतदार दगड देवच असणार, हे ठरवायला गावाला पंचांग लागलं नाही. भावकूच्या बायकोने, नागुबाईने, त्याला बोटभर जाड शेंदूर थापला आणि गोठ्यातच मांडला. बैल बाहेर गेले. देव आत आला की कुणीतरी बाहेर जायचंच.

देवाला डोळे हवेत. चांदीचे परवडेनात, म्हणून तिने बांधावरच्या दोन पांढऱ्या गारगोट्या लाखेने बसवल्या आणि पापण्यांपर्यंत शेंदूर ओढला. देव एकदम बघायला लागला.

भावकू कौलांची वर्दी द्यायला बेळगावच्या कचेरीत गेला. कारकून आण्णाप्पा कानडी, म्हणून भावकूने अदबीने अर्धी कानडी वापरली. आकाशातनं कल्लू पडला, म्हणाला. कानडीत कल्लू म्हणजे दगड आणि पावसात पडते ती गार म्हणजे आलिकल्लू. बिचाऱ्याला ‘आलि’ आठवत नसावं, असं आण्णाप्पाला वाटलं. त्याने सौजन्याने चूक सुधारून मराठीत लिहिलं: गार पडली, नग एक. आमच्याकडे दोन्ही भाषा एकमेकींना अशा सांभाळून घेतात आणि मधे तिसरंच काहीतरी होतं.

पण बातमीला लिहिता येत नसलं तरी चालता येतं. ती मामलेदारांपर्यंत गेली. आभाळ कुणाचं हे त्या वेळी ठरायचं होतं, पण तिथून पडलेला दगड सरकारचा हे ठरलेलं होतं. दगड खरा निघाला तर कलकत्त्याच्या संग्रहालयात जाणार होता. तपासायला पुण्याहून एक प्रोफेसर आले. सोबत गवत भरलेला खोकाही आणला होता. खोका बघून नागुबाईने जेवण सोडलं. भावकू म्हणाला, खोक्यात देव गेला तर बैलांना काय तोंड दाखवू?

प्रोफेसरांना पायताण काढायला लावलं. शेंदूर खरवडायचा नाही, खरवडला तर बैल मरतात, असंही बजावलं. बैलांचा शास्त्राशी संबंध नसला तरी गावकऱ्यांच्या हातातल्या काठ्यांशी होता. प्रोफेसर समजले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पालथे पडून, जिथे शेंदूर नव्हता तेवढंच त्यांनी भिंगातून पाहिलं. शेंदूर फक्त डोळ्यांवर नव्हता.

मग त्यांनी गोठ्यातच व्याख्यान दिलं. वाळू, काच, गारगोटी हे एकाच घराण्यातले, नाव सिलिका. आभाळातल्या दगडांतही हे घराणं कधी कधी सापडतं, पण तिथे बहुधा चुलतभाऊच असतात. ते प्रचंड उष्णतेत जन्मलेले, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. गारगोटी हा थोरला, आणि असा सुपारीएवढा थोरला वर जवळजवळ आढळतच नाही. भावकू मान डोलवत होता. थोरला घर सोडून जात नाही हे त्याला घरच्या अनुभवाने पटत होतं.

शेवटी प्रोफेसरांनी विचारलं, “हे पांढरं मुळातच दगडात आहे?”

भावकू सरळ माणूस. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात नागुबाई पुढे झाली.

“देवाचं डोळं देवात न्हाईत तर कुटं असत्यात, सायब?”

प्रोफेसर हसले. अडाणी भाबडेपणावर शिकलेला माणूस हसतो तसं. दगड आपल्याच भूमीचा, आभाळाशी संबंध नाही, असा त्यांनी निकाल दिला. खोका रिकामा जाऊ नये म्हणून नागुबाईने त्यात भाजक्या शेंगा भरल्या.

मग कौलं कशाने फुटली, असं मामलेदारांनी विचारलं. आण्णाप्पाने अभिमानाने सांगितलं, गारेने. गार कुठे आहे? वितळली. उन्हाळ्यात कुठली गार टिकते? मामलेदारांना हे शास्त्र पटलं.

म्हणजे सरकारदरबारी अनगोळात गार पडून वितळली, आणि विद्वानांच्या मते दगड पडलाच नाही. त्या न पडलेल्या दगडाला भावकू दर सोमवारी नारळ फोडायचा. खोबरं घ्यायला आण्णाप्पाही यायचा.

छपराचं भोक मात्र भावकूने बरेच दिवस तसंच ठेवलं. नागुबाईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ती देवाची वाट हाय गं. त्यास्नी कवा परत जावंसं वाटलं तर?”

“म्हणूनच तर,” नागुबाई म्हणाली, “आधी कौलं घाला.”