कोल्ह्यासाठी कोंबडी

सेन्सॉर समितीपुढे चित्रपट न्यायचा तर कोल्ह्यासाठी आधी एक कोंबडी बाहेर सोडायची, हे दिग्दर्शिका लुद्विकाला तिच्या संकलक मैत्रिणीनं, इर्मिनानं शिकवलं होतं. कोंबडी म्हणजे मुद्दाम घातलेलं एक आगाऊ दृश्य. समिती त्याच्यावर तुटून पडते, ते कापायला लावते आणि समाधानानं घरी जाते. खरं दृश्य वाचतं. पहिले चित्रपट दोघींनी असेच पार पाडले. मागचा मात्र अडकला आणि बंदी येऊन वॉर्सात समितीच्या कपाटात जाऊन पडला. आणखी एक तिथं गेला तर आपल्या हाती पुन्हा कॅमेरा येणार नाही, हे लुद्विका ओळखून होती.

म्हणून या वेळची कोंबडी चांगली गुबगुबीत होती. पक्षाचा चिटणीस लग्नात व्होडका ढोसून कारंज्यात पडतो. खरं दृश्य अगदी साधं होतं. किमती वाढल्या म्हणून वूच शहरातल्या कापडगिरणीत संप होतो. मंत्री येऊन विचारतो, "मग उद्यापासून यंत्रं सुरू ना?" बाया गप्प राहतात. कॅमेरा एकेकीच्या चेहऱ्यावरून सरकत जातो.

त्या बाया नट्या नव्हत्या, संपात खरोखर उभ्या राहिलेल्या होत्या. त्यांतली गेनोवेफा म्हणाली होती, "बाई, चेहरा देते. पण कापायचा असेल तर आत्ताच सांगा. पेपरवाल्यांनी एकदा कापलाय."

"नाही कापणार," लुद्विकानं शब्द दिला होता.

वॉर्सात चित्रपट संपून दिवे लागले. कारंज्यासाठी कसं कडाडून भांडायचं, हे लुद्विकानं घोकून ठेवलं होतं. अध्यक्ष ग्लासातला चहा ढवळत राहिले.

"कारंजं झकास हं, लुद्विकाबाई! पोट धरून हसलो."

"त्यातली एक चौकटसुद्धा मी—"

"राहू द्या की. कोंबडी छान आहे, पण आमचं जेवण होऊन गेलंय."

दोघेतिघे हसले. हा शब्द संकलनाच्या खोलीबाहेर कधीच गेला नव्हता. लुद्विकानं शेजारी पाहिलं. इर्मिना स्कर्टवरचे केकचे कण झटकत होती.

"गिरणीतल्या बाया तेवढ्या काढा," अध्यक्ष म्हणाले. "उद्या परवानगी."

लुद्विकानं इर्मिनाला हात धरून बाहेर नेलं.

"कधी सांगितलंस?"

"चल, कॉफी घेऊ."

"इर्मा, कधी?"

"गेल्या आठवड्यात. अगं, अख्खा चित्रपट कपाटात गेला असता. एक दृश्य गेलं, बाकीचा वाचला."

"आणि तुला काय मिळालं?"

इर्मिनानं सिगारेट पेटवायला वेळ लावला. "शरदात माझा स्वतःचा चित्रपट सुरू होतोय. इतकी वर्षं अंधारात बसून तुझ्या चुका निस्तरल्या, लुद्का. पोस्टरवर माझं नाव कुठे असतं, पाहिलंस कधी?"

लुद्विकानं पाहिलं नव्हतं.

"मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी?"

"मागावं लागलं असतं, तेच तर."

लुद्विका आत गेली आणि उभ्यानंच म्हणाली, "मी कापणार नाही. कपाटात टाका."

"कपाटं भरलीत हो," अध्यक्ष म्हणाले. "दिग्दर्शिका रुसल्या, तर पुरं करणारं दुसरं कुणी आहे का?"

दारातून इर्मिनाचा आवाज आला. "रिळं माझ्याच टेबलावर आहेत."

लुद्विका पुढच्या गाडीनं वूचला परतली आणि तडक गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. पाळी सुटली. गेनोवेफा डोक्याचा रुमाल सोडत आली आणि लुद्विकाचा चेहरा पाहूनच थांबली.

"कापलं?"

"हो."

"समितीनं?"

हो म्हणणं सोपं होतं. "माझ्या मैत्रिणीनं. वीस वर्षांची मैत्रीण."

गेनोवेफानं रुमालाची घडी केली. "आमच्यातही होती एक. संपात कोण पुढे होतं ते तिनं आत जाऊन सांगितलं. आता मुकादम आहे. रोज सकाळी हसून विचारते, गेन्या, बरी आहेस ना?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"बरी आहे म्हणते. माझं यंत्र तिच्याच हाताखाली आहे, बाई." ती ट्रामच्या थांब्याकडे वळली. "तुम्ही मात्र शब्द द्यायला नको होता."