पाटीवरचं नाव

“आजपासून नाशिकच्या मिसळीचा इतिहास दोन भागांत सांगितला जाईल. आपल्याआधीचा आणि आपल्यानंतरचा!” स्टुलावर उभं राहून पाटीला हार घालताना मल्हारीअण्णांनी जाहीर केलं.

“अण्णा, हार वर घ्या,” खाली स्टूल धरून उभा असलेला अश्विन म्हणाला. “आईचं नाव झाकलंय.”

‘विमलाबाईंची मिसळ’मधलं नुसतं ‘मिसळ’ दिसत होतं. अण्णांनी पाटीकडे न बघता हार सरकवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, तेही दार अडवलं म्हणून. पुढे सगळं ‘अगं’वर भागलं. दुकानाचं नाव फोनवर कोणी विचारलं तर आताही ते सांगत, “आमच्या हिच्या नावाचं आहे,” आणि पत्ता शोधणारा बिचारा भलतीकडेच जाई.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

नाशिकला मिसळ खायला जायचं म्हणजे झोपाळा, द्राक्षांचा मांडव आणि फोटोपुरता एखादा उंट लागतो. एकलहऱ्याच्या रस्त्यावरल्या या गाळ्यात यातलं काही नव्हतं. होता तो तिनं शेवटच्या उन्हाळ्यात स्वतः डंकावर बसून कुटून आणलेला मसाला. तरी वर्षभर घरी दर रविवारी सून संजना त्याच मसाल्याचा रस्सा करी, अण्णा चमचाभर तोंडात घेत, डोळे मिटत आणि मान हलवत. वीज केंद्रात तीस वर्षं मीटरच्या काट्यांवर नजर ठेवलेला माणूस. कुठेतरी काहीतरी चुकतंय, एवढं त्यांना नक्की कळे. काय, ते सांगता येत नसे.

“तिच्या हातचं नाही हे,” ते म्हणत. “चव जमली नाही तर तिचं नाव लावायचं नाही.”

शेवटी गाळा घेतला, आचारी ठरला, मुहूर्त निघाला. पाटी लागली ती एका अटीवर: उद्‌घाटनाच्या दिवशी अण्णा शेवटचं चाखतील. नाही म्हणाले तर पाटी उतरेल.

संजनाला याचं हसूही येई आणि रागही. सासूबाई होत्या तेव्हा अण्णांनी कधी कौतुकाचा शब्द काढला होता? पहिला घास घेतला की, “अगं, मीठ दे जरा.” आणि डॉक्टरांनी रक्तदाब सांगितल्यापासून सासूबाई मीठ बेतानंच घालत आणि ऐकू न आल्यासारखं करून बरणी वरच्या फळीवर ठेवत. आठ वर्षं, दोन्ही वेळा, हेच.

नारळ फुटला. पहिलं गिऱ्हाईक म्हणून अण्णांचे जुने सोबती लहानू बसले. दोन घास खाल्ले, तिसऱ्याला थांबले.

“सूनबाई, तर्री लय भारी हे. पण मीठ नाय बा.”

संजनानं चमचा पातेल्यात बुडवून जिभेला लावला आणि तिचा चेहरा उतरला. हार, पेढे, गुरुजींची दक्षिणा या गडबडीत तिच्या हातून निम्मंच मीठ पडलं होतं.

“थांब, कुणाला वाढू नकोस,” अश्विन पुटपुटला.

पण आचाऱ्यानं अण्णांची प्लेट कधीच नेऊन ठेवली होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी त्यांनी चमचा उचलला, तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

दोघं मान हलायची वाट बघत राहिले. मान हलली नाही. अण्णांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. पावाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

“मल्हारी, अरे आळणी हे ते!” लहानू ओरडले. “कशाला खातोस?”

अण्णांनी आणखी एक चमचा घेतला. नाकावरून रुमाल फिरवला आणि पुन्हा खाली वाकले. हा नकारच समजून अश्विननं स्टूल उचललं आणि पाटी उतरवायला दाराकडे निघाला.

अण्णा प्लेटवरून मान वर न करताच, डावा हात मागे संजना उभी होती तिकडे पसरून म्हणाले,

“अगं, मीठ दे जरा.”