केसरबाईची तार

भांडण टँकरपाशी झालं आन ते मीच काढलं, हे आधी सांगून टाकतो. मागून दुसऱ्या कुणी सांगावं त्यापेक्षा आपल्याच तोंडानं सांगितलेलं बरं.

एकोणीस सालचा दुष्काळ. चितेगावाच्या पलीकडं, पैठण रोडपासून आत आमचं गाव. शहर वाढत वाढत शिवाराला येऊन टेकलं होतं. पेरायच्या जमिनीत प्लॉटचे दगड उभे आन विहिरीत खडखडाट. माझी पिठाची गिरणी. ज्वारीच पिकली नाय तर दळायचं काय, माती? पट्टा दिवसातून तासदोन तास फिरला तर फिरला. तरी जूनमधी लाईटबिल आलं ते नेहमीच्या तिप्पट. त्यात त्याच उन्हाळ्यात गिरणीच्या पत्र्यावर मी सोलर बसवलेलं. बिल खाली यायचं सोडून वर चाललं होतं.

"कुणीतरी आकडा टाकतंय," मी घरात म्हणलो.

गिरणीच्या भिंतीला भिंत केसरबाईची. बौद्धवाड्याचं ते पहिलं घर. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. घरात ती, म्हातारी सासू आन नर्सिंगच्या परीक्षेला बसलेली पोरगी अमृता. तिच्या घराची तार माझ्या पत्र्यावरून जायची. झालं, माझ्या डोक्यात बसलं ते बसलं. बायको गोजरबाई म्हणली, "बघितल्याबिगर बोलू नका." पण बायकोचं ऐकलं तर मग मी कडुबा कसला?

टँकरपाशी सगळं गाव हंडे घेऊन उभं होतं. तिथंच मी केसरबाईला गाठलं.

"काय गं, माझी वीज जाळती व्हय?"

ती हंडा धरून जागच्या जागी थांबली. "माझं मीटर हाये, कडुबाभाऊ. बिल भरते मी."

"मग चल मारुतीसमोर. उचल बेलभंडार."

आमच्याकडं कज्जा तुटंना की असंच करतात. बेलाचं पान आन भंडारा हातात घेऊन देवासमोर खोटं बोलायची छाती होत नाय कुणाची. पण ते आपलं झालं. तिच्या सासऱ्यानं धम्म घेतला तवाच घरातले देव नदीत पोचवलेले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आन बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, मी सोताच्या डोळ्यांनी बघितलेल्या. ठाऊक असून बोललो मी.

"ते मी मानत नाय," ती म्हणली. "नाय घेतली म्हणते, तेवढं बास हाये."

मी लोकांकडं वळलो. "बघा. शपथ घ्यायची म्हणलं की मागं सरकती. चोराच्या मनात चांदणं."

लोक हसले. आमच्या आळीतल्या द्वारकाबाईनं आपला हंडा तिच्या हंड्यापासून लांब सरकवला. ते मी बघितलं, आन खरं सांगतो, त्या वक्ताला मला बरं वाटलं. आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटती.

दुसऱ्या दिवशी केसरबाईनं वायरमनला बोलावलं आन माझ्या दारासमोर उभं राहून सांगितलं, "माझी तार खांबावरून काढा."

वायरमन चक्रावला. "बाई, तुमची बाकी नाय, तक्रार नाय. कशापायी?"

"महिनाभर काढा. मग ह्यांचं बिल बघू."

तार निघाली. जून सरत आला तरी आभाळात ढग नाय, पत्र्याखाली नुसती भट्टी. म्हातारी दारात बाजेवर पडून पदरानं वारा घ्यायची. अमृता पुस्तकं छातीशी धरून विहारात जायची, तिथं पंखा होता. मी गिरणीतून बघायचो आन मनात म्हणायचो, नाटकं हायेत सगळी.

जुलैत बिल आलं. पहिल्यापेक्षा जास्त.

मी ते घडी करून पिठाच्या डब्याखाली सारलं आन चार दिवस कुणाला दावलं नाय.

पाचव्या दिवशी सोलरवाला श्रीरंग शहरातून नवं नेटमीटर घेऊन आला. सोलरचं यंत्र चालू बघितलं आन त्यानं कपाळाला हात लावला. "काका, मीटर बदलल्याशिवाय चालू करायचं नाही म्हणून तुम्हाला दोनदा बजावलं होतं. कधीपासून चालू आहे हे?"

"आखितीपासून."

मी चालू केलं होतं खरं. अक्षय तृतीया म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, तो टळू द्यायचा व्हय? यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आन बटण दाबलं. मुहूर्तावर चालू केलेलं परत बंद करणं अशुभ, म्हणून तसंच ठेवलं.

श्रीरंगनं नीट समजावलं. "गिरणी बंद असली की तुमची जास्तीची वीज बाहेर तारेवर जाते. नेटमीटर ती तुमच्या नावावर जमा धरून बिलातून वजा करतं. तुमच्या जुन्या मीटरला आत-बाहेर कळत नाही. बाहेर गेलेलीही तुम्हीच वापरली म्हणून ते मोजत बसलं. चोरी कुणी केली नाही काका."

गोजरबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आन आत निघून गेली.

तसाच केसरबाईच्या दारात गेलो. मान वर होत नव्हती. "चुकलो. तुझं दळण आता जन्मभर फुकट दळून देतो."

"फुकट कशाला?" ती म्हणली. "चारचौघांत बोललात, चारचौघांत सांगा."

टँकर आला तसं सांगितलं. सगळं सांगितलं, मुहूर्तासकट. लोक पोट धरून हसले. गर्दीतला सांडू म्हणला, "कडुबानं नारळ फोडून सोताचंच घर लुटलं की." द्वारकाबाईला तर ठसका लागला. एका घटकेत माझ्या पापाचा तमाशा झाला. केसरबाईला मातर एकानं इचारलं नाय, की बाई, महिना कसा काढला.

अमृता हंडा भरत होती. ती म्हणली, "माझी आज्जी दोनदा चक्कर येऊन पडली. ह्यात हसण्यासारखं काय हाये, काका?"

हसू थांबलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. केसरबाईनं हंडा डोक्यावर घेतला आन पोरीला म्हणली, "चल."

आता तार जोडलेली हाये. माझं बिल नावाला येतं, आजूबाजूचे लोक सोलर बघायला येतात, मुहूर्ताची गोष्ट परत सांगायला लावतात. केसरबाई दर शुक्रवारी डोक्यावर दळण घेऊन माझ्या दारावरून चितेगावच्या गिरणीला जाती. दीड कोस जाणं, दीड कोस येणं. ती लांबून दिसली की मी उठून आत जातो. कुणी इचारलं तर गोजरबाई सांगती, पट्टा बघायला गेलेत.