लाल होण्याची वाट

गच्चीवरच्या कुंड्या थोरल्या जावेच्या हवाली करून धाकटी माहेरी निघाली होती. वडिलांनी अंथरूण धरलं होतं.

"ताई, बाबांच्या तोंडाला चव नाही. हे छोटे टोमॅटो तेवढे मागतात. बी त्यांनीच दिलेलं. पिकले की पाठवून द्या. आणि एक सांगते, हे काळसर जातीचे आहेत, ते..."

"अगं, जा तू निवांत! टोमॅटो काय मी आज बघतेय? मला शिकवायला निघाली!"

धाकटी ओशाळून हसली आणि गेली.

थोरलीने हयगय केली नाही. सकाळी देवापुढून उठली, की आधी कुंड्यांना पाणी. बोराएवढ्या टोमॅटोंचे घोस लटकले होते. देठाकडे ते काळपट झाले, खाली तांबूस-तपकिरी झाले. लाल काही होईनात. काही तडकले, काही हात लागताच गळून पडले. "कीड लागली मेल्यांना," म्हणत ती ते केरात लोटायची. संध्याकाळी धाकटीचा फोन आला, की ठसक्यात सांगायची, "कच्चेच आहेत अजून. घाई करून कसं चालेल?" शेजारणीपाशी मात्र नाक मुरडायची, "धाकटीच्या माहेरचं बी ना, सडकंच निघालं!"

एके सकाळी नवरा गच्चीवर आला. तिने केरात टाकायला सुपलीत गोळा केलेला एक टोमॅटो त्याने शर्टाला पुसून तोंडात टाकला.

"अहो, थुंका आधी! सडलंय ते."

"सडलंय? साखर आहे नुसती! अगं, हे असेच पिकत असतील." त्याने दुसराही उचलला.

तिनेही एक खाल्ला. गोड होता.

झाडांवर जेमतेम मूठभर उरले होते. 'आजच पिकले' म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? तिने फोन लावला. धाकटी औषधं आणायला गेली होती, उचलला म्हाताऱ्यानेच.

"कोण, ताई? पिकले का हो?" आवाज पार खोल गेलेला.

"पिकले, काका."

"बघा! मी पोरीला म्हटलंच होतं, ताईंच्या हातात आहेत, एकही वाया जायचा नाही."

तिचे कान तापले.

"वाया घालवले मी, काका. लाल व्हायची वाट बघत बसले आणि पिकलेले केरात टाकले. ती सांगत होती, मीच तिला बोलू दिलं नाही."

"उरलेत का थोडे?"

"मूठभर."

"मग बोलत काय बसलात?"

तिने टोमॅटो अलगद डब्यात भरले. नवऱ्याने हात पुढे केला, "दे, मी देऊन येतो."

"नको. माझं मलाच नेऊ दे."

चपला घालून ती जिना उतरू लागली. दार धाकटीच उघडणार होती, आणि तिच्याकडे बघायचं कसं, हे काही केल्या सुचत नव्हतं.