कुणावर गेली

‘तोंड उघड की! इंग्रजी काय नाकातून येतं?’ शेजारची म्योंग-जा म्हणाली आणि अख्खा वर्ग खिदळला.

ओक-बुनने पुन्हा म्हटलं, ‘यू लुक लाइक मी.’ तू माझ्यासारखी दिसतेस.

कोरियातल्या देगू शहरातल्या त्या प्रौढांच्या वर्गात साम्याचे शब्द चालले होते. हुबेहूब, थोडंफार, एका साच्यातले. बाकीच्या बायकांना नातवंडांपुढे इंग्रजी मिरवायचं होतं. ओक-बुनला हे एवढंच वाक्य हवं होतं. लग्नाआधी झालेली तिची मुलगी ओक-बुनच्या वडिलांनी परस्पर दत्तक देऊन टाकली होती. ती क्लेअर शनिवारी अमेरिकेहून तिला भेटायला येणार होती. दुभाषी होतीच, पण हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून जायला नको होतं.

शनिवारी क्लेअर आली. सोबत तिला वाढवणारी हेलन होती. खानावळीच्या मालकिणीने क्लेअरचं बसकं नाक पाहिलं, मग ओक-बुनचं.

‘घ्या! आता कुणाला विचारायलाच नको,’ म्हणत तिने भाजलेला मासा मध्ये ठेवला.

ओक-बुनचा जीव सुपाएवढा झाला. तिने चॉपस्टिकने पोटाकडचा मऊ तुकडा सोडवला आणि एकेक काटा वेचून काढला. लेकीच्या भातावर मासा ठेवावा तो आईनेच. हे करायला तिचे हात जन्मभर आसुसले होते.

तुकडा उचलून पाहते, तर क्लेअरच्या भातावर मासा आधीच होता. हेलन दुभाषीशी गप्पा मारत बोटांनी काटे काढत होती, लेकीपुढे ठेवत होती. क्लेअरही न बघता खात होती. हेलनला ही इथली रीत कुणी शिकवली नव्हती.

ओक-बुनचा तुकडा चॉपस्टिकमध्येच राहिला.

‘मावशी,’ दुभाषी म्हणाली, ‘ती विचारतेय, मी कुणावर गेलेय?’

ओक-बुनने ते नाक डोळे भरून पाहून घेतलं.

‘यू लुक लाइक...’ ती थांबली. मग तिने हेलनकडे बोट केलं. ‘मदर.’

सगळ्यांना गंमत वाटली. हेलन मात्र हसली नाही.

ओक-बुनने हातातला तुकडा हेलनच्या भातावर ठेवला.

‘त्यांना सांग,’ ती दुभाषीला म्हणाली, ‘आता तुम्ही जेवा. पोरीला वाढता वाढता तुमचाच घास राहिलाय.’