लल्ला रुकय्या वयात येते

"माणूस असो, मांजर असो, नाहीतर मुंगी असो, लग्नाला पिकलेला जीव मला उंबरठ्यावरूनच कळतो," सी अब्दुलवाहिद म्हणाले, आणि त्याच क्षणी टेबलाखालून त्यांची डावी सपात चालू लागली.

शुक्रवारचा कुसकुस समोर वाफाळत होता. सपाता त्यांनी जेवायला बसताना काढून ठेवल्या होत्या, म्हणजे त्यांचा पाय काही तिच्यात नव्हता. तरीही पिवळ्या कातड्याची ती सपात फरशीवरून ढकलत ढकलत पुढे चालली होती, आणि तिच्यावर मागचे दोन पाय टेकून, मान लांब करून, तोंड वासून घरची कासवी लल्ला रुकय्या आरूढ झाली होती. मध्येच तिच्या घशातून बिजागरीला तेल नसल्यासारखा आवाज येई.

"अगंबाई!" तामो आत्या म्हणाल्या. त्या सी अब्दुलवाहिद यांच्या थोरल्या बहीण, दर शुक्रवारी जेवायला आणि उरलेले सहा दिवस पुरेल इतकं बोलायला यायच्या. "वाहिद, ही तुझ्या सपातेला काय करतेय?"

"भूक लागली असेल," सी अब्दुलवाहिद म्हणाले.

त्यांची लेक बतूल खाली मान घालून भोपळ्याची फोड चिवडत राहिली. ती औषधाच्या दुकानात काम करायची. भूक कशाला म्हणतात हे तिला माहीत होतं, आणि हे काय चाललंय तेही.

सी अब्दुलवाहिद हे मेक्नेसच्या जुन्या शहरातले निवृत्त अदूल, म्हणजे लग्नाचे करार लिहिणारे. उभ्या गल्लीची लग्नं त्यांच्या हातून कागदावर उतरली होती. नवरा-नवरीचं नाव, गाव, वय, राजीखुशी सगळं पारखून घेतल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. त्यांच्या एकाच लेकीचं लग्न मात्र अडलं होतं, आणि तेही त्यांच्याकडेच. मुनीर नावाचा एक जीवशास्त्राचा मास्तर दोनदा आईवडिलांना घेऊन, निळ्या कागदातले साखरेचे सुळके घेऊन रीतसर मागणी घालायला आला होता. दोन्ही वेळा साखर परत गेली. साखर परत गेली की नकार, हे या गल्लीत पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

"मुलगा अजून पिकलेला नाही," सी अब्दुलवाहिद सांगत.

"बाबा, डोक्यावर केस उरले नाहीत त्याच्या," बतूल म्हणे.

"केस गळणं वेगळं, पिकणं वेगळं. आणि तुझी तरी काय घाई आहे? लल्ला रुकय्याकडे बघ. वीस वर्षं या अंगणात आहे. कधी मान वर करून कुणाकडे पाहिलं तिनं?"

खरी गोष्ट सी अब्दुलवाहिद कुणाला सांगत नसत. बायको सादिया गेल्यापासून घरात दोनच बायका उरल्या होत्या: बतूल आणि लल्ला रुकय्या. बतूल गेली तर एवढ्या मोठ्या घरात संध्याकाळी "बाबा, चहा" म्हणायला कोण, या एका विचारापाशी येऊन त्यांचा सगळा विवेक बसकण मारायचा.

लल्ला रुकय्या सादियानंच बाजारातून टोपलीत घालून आणली होती. तेव्हा ती एवढीशी, संत्र्याएवढी. घरात कासव असलं की बरकत राहते आणि दृष्ट लागत नाही. सादियाचा एकच दंडक होता: कासवाला उलटं करायचं नाही. "बरकत पालथी घालू नये." त्यामुळे वीस वर्षांत त्या घरात कुणी लल्ला रुकय्याचं पोट पाहिलं नव्हतं. वरून ती अगदी सभ्य, घरंदाज दिसत असे, म्हणून तर तिला लल्ला, म्हणजे बाईसाहेब.

सपातेनंतर मात्र तिनं ताळच सोडला. संत्र्याच्या कुंडीला धडका, पितळी घंगाळाला धडका, दुपारच्या झोपेच्या वेळी दाराला धडका. तामो आत्यांच्या घोट्याचा तिनं चावा घेतला. आत्यांनी आधी ऊद जाळला, मग तुरटी फिरवली, मग कपाळाला हात लावला.

"दृष्ट नाही ही. कुणाला तरी दाखव हिला."

"मुनीर येईल," बतूल हळूच म्हणाली. "मुलांना हेच शिकवतो तो."

सी अब्दुलवाहिद यांनी जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला. "वैद्य म्हणून येऊ दे. जावई म्हणून नको. आणि साखर आणायची नाही."

मुनीर रिकाम्या हातानं आला. त्यानं लल्ला रुकय्याला दोन्ही हातांनी उचललं, आणि कुणी काही बोलायच्या आत, बिस्मिल्ला म्हणून, उलटं केलं.

आत्यांनी डोळे झाकले. बरकत काही सांडली नाही.

"सी अब्दुलवाहिद," मुनीर घसा साफ करत म्हणाला, "हा नर आहे."

त्यानं कासव सगळ्यांसमोर धरलं.

"शेपूट बघा, लांब आणि जाड. मादीचं आखूड असतं. आणि पोटाचं कवच आत दबलेलं आहे."

"ते का?" सी अब्दुलवाहिद यांनी विचारलं.

मुनीरनं बतूलकडे पाहिलं, मग आत्यांकडे, मग संत्र्याच्या झाडाकडे. "म्हणजे... कशाच्या तरी पाठीवर बसायचं झालं तर नीट बसावं म्हणून."

"सपातेच्या," आत्या बोटांच्या फटीतून म्हणाल्या.

"मादी नाही मिळाली तर सपातेच्या. धडका मारणं, पाय चावणं, तोंड उघडून ओरडणं, ही याची मागणी घालायची रीत."

"पण एकाएकी आत्ताच कसा वयात आला?"

"आत्ता नाही. कासवात वर्षं मोजत नाहीत, आकार बघतात. हा दहाएक वर्षांपूर्वीच वयात आला असणार. एवढे दिवस गप्प बसला असेल." मुनीर जरा थांबला. "किंवा कुणी लक्ष दिलं नसेल."

हे वाक्य कासवाबद्दल होतं याची सी अब्दुलवाहिद यांना शेवटपर्यंत खात्री पटली नाही. हजारो नवऱ्यांची राजीखुशी तपासलेल्या माणसाच्या घरात वीस वर्षं एक नवरा नवरी म्हणून वावरला होता! आणि घरातल्या दोन बायकांपैकी एक पुरुष निघाली, म्हणजे हिशेब आणखीच बिघडला.

पण अदूल तो अदूल. वयात आलेला नर घरात आहे म्हटल्यावर त्याचं लग्न लावणं हे कर्तव्यच. गल्लीच्या टोकाला लल्ला झहूर नावाच्या विधवा बाई राहत, त्यांच्याकडे जमीला नावाची कासवी होती, पोट तपासलेली. शनिवारी दुपारी सी अब्दुलवाहिद पांढरी पायघोळ जिलाबा घालून, एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात साखरेचा सुळका घेऊन निघाले. रिकाम्या हातानं मागणी घालणं त्यांना जमेना.

लल्ला झहूरनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. पुदिन्याचा चहा उंचावरून ओतला, पेल्यावर फेस धरला, आणि चौकशी सुरू केली.

"मुलगा काय करतो?"

"काय करणार? खातो."

"व्यसन?"

"सपाता," सी अब्दुलवाहिद यांना खरं सांगावं लागलं. खोट्या साक्षीची त्यांना सवय नव्हती.

"घरात कोण कोण?"

"मी आणि लेक."

"म्हणजे सासू नाही, पण सासऱ्याचीच सासू झालेली दिसते," लल्ला झहूर म्हणाल्या, आणि परसातून जमीलाला घेऊन आल्या. ती जेमतेम लिंबाहून मोठी होती. "बघा. माझी अजून पोर आहे. मादीला पिकायला नरापेक्षा जास्त वेळ लागतो. तुमचा दांडगोबा आत्ता हिच्याबरोबर सोडला तर हिचे पाय फाडून ठेवील. हिची पाठ भरू दे, मग पुढच्या पुढे बघू."

"तोवर त्यानं काय करायचं?"

"तुमच्या घरात वाट बघायची सवय आहे म्हणतात." त्यांनी साखरेचा सुळका उचलून अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला. "रागावू नका, सी अब्दुलवाहिद. मी माझीला अडवते, कारण ती लहान आहे. तुम्ही तुमचीला अडवता, कारण तुम्ही लहान आहात."

परतीची गल्ली त्या दिवशी फार लांब झाली. टोपलीत लल्ला रुकय्या धडका देत होता, काखेत निळा कागद सळसळत होता. भट्टीवाल्यानं पावाची फळी खाली ठेवून पाहिलं. न्हाव्यानं गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच ठेवून पाहिलं.

"सी अब्दुलवाहिद," भट्टीवाला कळवळून म्हणाला, "या वयात? आणि वर त्या नाही म्हणाल्या?"

"माझ्यासाठी नव्हतं."

"हो हो, नसेलच," न्हावी म्हणाला. "होतं असं. मन घट्ट करा."

तेव्हा सी अब्दुलवाहिद यांना मुनीरचा बाप आठवला. त्या भल्या माणसानं हीच गल्ली, हीच साखर काखेत मारून, दोनदा तुडवली होती. भट्टी तेव्हाही इथंच होती.

घरी येऊन त्यांनी टोपली खाली ठेवली आणि साखर टेबलावर. बतूल पायरीवर बसली होती, निकाल ऐकायला शनिवारीही थांबलेल्या आत्या तिच्या केसांना मेंदी लावत होत्या. दोघींनी साखर पाहिली.

"मुनीरला फोन कर," सी अब्दुलवाहिद म्हणाले. "शुक्रवारी आईवडिलांना घेऊन या म्हणावं. साखर आणली तरी चालेल. ठेवून घेऊ."

बतूल मेंदीच्या केसांनिशी उभी राहिली. आत्यांनी तोंडात जीभ भराभर हलवत लग्नघरातली अशी ललकारी सोडली की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. बतूलनं वाकून वडिलांचा हात हातात घेतला, त्याचं चुंबन घेतलं, आणि रडायला लागली.

सी अब्दुलवाहिद यांनी घसा खाकरला. आत्या गप्प झाल्या. असल्या घडीला बाप काय बोलतो ते मुली जन्मभर लक्षात ठेवतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

"बतूल," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा कापला. "जाण्याआधी एवढं दाखवून जा ग, गॅसचा सिलिंडर सुरू करायला ती चावी उजवीकडे फिरवतात की डावीकडे?"